बाटलीच्या बुडावरचं तिसरं टिंब

आम्ही दोघांनी मिळून धुतलेली शेवटची बाटली त्या सोमवारची. चहा झाला, म्हशीखालचं शेण काढून झालं, आणि बायकोनं अंगणातल्या चुलीवर पाणी ठेवलं. मी म्हणालो, "आता कशाला पाणी? धंदा बंद केला न्हाई का आपण?"

"एकच धुवायची हाय. उद्या कचेरीतल्या मॅडमला दाखवायला. बसा."

बसायचं नव्हतं, तरी बसलो. इतक्या वर्षांची सवय. मी बाटलीत मूठभर जाड वाळू आणि धुण्याचा सोडा घातला, तिनं वरून कोमट पाणी ओतलं, मी बाटली दोन्ही हातांनी धरून खळखळ हालवली. लेबलावर रबराची बाही चढवलेली होती. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून बाटलीला घालायचा, म्हणजे बाहेरून कितीबी पाणी सांडलं तरी कागदाला थेंब लागत न्हाई, ही अक्कल तिची. ती त्याला बाटलीचं झंपर म्हणायची.

बाटली पुसून तिनं मांडीवर आडवी घेतली आणि कानशीच्या तुकड्यानं बुडावर खूण ओढली. तीन टिंबं आणि खाली एक आडवी रेघ. काचेचा भुगा फुंकरीनं उडवला.

"मी येणार न्हाई उद्या," मी म्हणालो.

"नका येऊ. एसटीत मला एकटीला कुणी चढू देत न्हाई का?"

"चोरांच्या यादीत नाव जाईल तुझं."

"जाऊ द्या. यादी वाचायला मला कुठं येतं?" असं म्हणून ती हसली. मंग बाटली माझ्या हातात दिली. "आत नेऊन ठेवा. आणि रागाच्या भरात फोडू नका. तुमचा भरोसा न्हाई."

दुपारी ती छातीत जड वाटतंय म्हणाली, ज्वारीच्या कणगीजवळ आडवी झाली. बदनापूरहून दवाखान्याची गाडी येईपर्यंत संपलं होतं. यावर मला जास्त लिहायचं न्हाई. बाटल्यांचं लिहायचं आहे, आणि त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

मी जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहून म्हातारा झालो. नजर कमी झाली तसं काम गेलं. घरी बसून करायचं काय, तर एका व्यापाऱ्यानं बाटल्या दिल्या. हा माणूस लोखंडाचं भंगार घ्यायचा, आणि त्याच्याच शेडच्या मागच्या अंगाला काचेचा ढीग होता. हायवेच्या हॉटेलांतून, लग्नाच्या हॉलांतून रिकाम्या बाटल्या यायच्या. आठवड्यातून एकदा त्याचा टेम्पो आमच्या दारात क्रेट टाकायचा, धुतलेले घेऊन जायचा.

पहिल्यांदा सगळ्या जातीच्या बाटल्या यायच्या. मंग तो म्हणाला, "काका, आता फक्त वाईनच्या. आणि लेबल खराब नको. लेबलवालीचा भाव वेगळा."

"लेबल कशाला पाहिजे?" बायकोनं विचारलं.

"काकी, शहरातले लोक शोभेला ठेवतात. त्यात दिवे करतात, झाडं लावतात. लेबल असलं की किंमत येती."

तिला ते पटलं. तिचीच भावजय प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून त्यात तुळस लावायची. मला पटलं न्हाई. म्हणजे पहिल्या महिन्यात पटलं. मंग एक दिवस तो मला बाजूला घेऊन म्हणाला, हिरव्या काचेच्या, एकाच कारखान्याच्या तेवढ्या वेगळ्या काढा, आणि आत बूच सापडलं तर तेबी जपून ठेवा. शोभेच्या दिव्याला एकाच कारखान्याची बाटली कशाला लागते? मी भट्टीवर काम केलेला माणूस आहे. भंगार परत माल होऊन कुठून निघतं ते मला कळतं. पण मी बोललो न्हाई. तिलाबी बोललो न्हाई. काम चाललं होतं, दोघं सावलीत बसून करत होतो, तिच्या बोलण्यात दिवस जात होता. हे मी आज लिहितो. तेव्हा कुणी विचारलं असतं तर बिलकुल कबूल केलं नसतं.

खुणेचं असं झालं. आमच्या गल्लीत अजून एक घर त्याच व्यापाऱ्याच्या बाटल्या धुवायचं. त्यांच्या कळकट बाटल्या आमच्या नावावर परत यायला लागल्या. बायकोला हे सहन होण्यासारखं नव्हतं. भांडं घासलं तर त्यात तोंड दिसलं पाहिजे, असली बाई. आमच्याकडं ताट-वाटीवर नाव घालायची रीत आहे, लग्नातल्या पितळेच्या हंड्यावर अजून तिच्या बापाचं नाव आहे. ती म्हणाली, बाटलीवरबी नाव घालते. नाव लिहायला येत न्हाई, तर मनगटावर जे गोंदलं होतं तेच ओढायला लागली. तीन टिंबं, एक रेघ. कारखान्यातून मी तिकोनी कानशीचा तुटका तुकडा आणलेला होता, त्यानं काचेवर बराबर ओरखडा उठतो.

ते गोंदण लहानपणी जत्रेत काढलेलं. दोन टिंबं झाल्यावर तिनं भिऊन हात ओढला म्हणून तिसरं टिंब खाली घसरलं. लग्न झाल्यावर मी एकदा म्हणालो, वाकडं आहे. ती म्हणाली, "वाकडं असलं तरी माझं हाय." बाटलीवर काढताना तिला तिसरं सरळ रेषेत घेता आलं असतं. तिनं एकदाबी घेतलं न्हाई. हजारो बाटल्यांवर तिसरं टिंब खाली.

आता तिच्या भावाचं. वाटूरकडं त्याची जमीन आहे. तिथं त्यानं वाईनची द्राक्षं लावली, एका लहान कारखान्याशी करार करून. ही द्राक्षं खायची न्हाईत. दाणा बारीक, बी जास्त, साल जाड. बाजारात नेली तर कुणी फुकट घेत न्हाई. म्हणजे कारखान्यानं उचलली तर पीक, न्हाईतर कचरा. कारखानाबी चांगला होता. त्यांचा माणूस तोडीच्या आधी यायचा, वेलावरचे दोन दाणे चावायचा, थुंकायचा, म्हणायचा, मंगळवारी तोडा. तेवढ्यावर काम चालायचं. कागद नंतर.

मेव्हण्यानं एकदा त्यांची एक बाटली आणल्ती. बायकोनं वाटीभर घेतली, तोंड वाकडं केलं. "आंबट हाय. आणि याला लोक एवढा खर्चा करतात?"

"अक्का, ही हळूहळू प्यायची असती."

"मंग तर अजूनच वाईट. आंबट गोष्ट जल्दी संपवावी."

यंदा शिवरात्रीच्या मागंपुढं मेव्हणा परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत दुसरी बाटली होती, अर्धी रिकामी. त्याचं तोंड उतरलेलं. तोडीची वेळ झाली तरी कारखान्याचा माणूस आला न्हाई. फोन केला तर म्हणाला, कारखान्याच्या मालाला सरकारी सील लागलंय. एका लग्नात या कारखान्याची वाईन उघडली ती निव्वळ साखरेचं पाणी, रंग आणि हलकी दारू निघाली. मंग दुसऱ्या हॉटेलात तसंच. लोकांनी तक्रार केली. दारूबंदी खात्याचे लोक आले, नमुने नेले, आणि पहिला संशय कारखान्यावरच. हॉटेलवाले उरलेला सगळा माल परत पाठवून राह्यले. कोणती बाटली खरी आणि कोणती खोटी, हे त्यांना सांगता येईना, म्हणून सगळ्याच खोट्या.

"पण त्यांनी भेसळ केली न्हाई का खरंच?" मी विचारलं. माझा मलाच आवाज वेगळा लागला.

"दाजी, ज्या माणसाला दोन दाणे चावून साखर कळती, तो साखरेचं पाणी भरील का? कुणीतरी रिकाम्या बाटल्या गोळा करून भरून राह्यलंय. कारखानावाले म्हणतात पण सिद्ध कसं करायचं? लेबल खरं, बाटली खरी. ही बघा, त्या लग्नातलीच हाय."

बायकोनं बाटली हातात घेतली आणि सवयीनं उलटी केली. बुडाकडं बघितलं. मंग उठून दारात गेली, उजेडात धरली. मी तिच्या पाठीकडं बघत होतो आणि मला कळलं होतं ती काय बघते आहे.

ती परत आली, भावापुढं बसली, बांगड्या मागं सारून मनगट पुढं केलं. शेजारी बाटली धरली.

"ही माझी बाटली हाय," ती म्हणाली. "मी धुतली."

मेव्हण्यानं एकदा मनगट बघितलं, एकदा बाटलीचं बूड. मंग म्हणाला, "अक्का, तू?"

"मीच. लेबलबी मीच वाचवलं. झंपर घालून." आणि माझ्याकडं वळली. "तुम्हाला ठाऊक होतं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

हे खोटं होतं. तिच्याशी मी आयुष्यात लहानमोठं खोटं बोललो असेन, पण हे एक मला अजून दिसतं.

त्या दिवसापासून तिनं बाटलीला हात लावला न्हाई. टेम्पो आला तर क्रेट परत पाठवले. भावाला म्हणाली, कारखान्याला सांग, खुणेच्या जेवढ्या बाटल्या असतील तेवढ्या माझ्या हाताखालून गेलेल्या. नव्या बाटलीवर कानशीचा ओरखडा कुठून येईल? जिच्यावर ओरखडा ती एकदा पिऊन, भंगारात पडून, आमच्या अंगणात येऊन गेलेली. मेव्हण्यानं कारखान्याला सांगितलं, कारखान्यानं खात्याला, आणि शुक्रवारी खात्याच्या मॅडम आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. तरणी पोरगी, पण बोलणं नीट.

"आजी, बाटल्या धुणं गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "माहीत असून भरायला देणं गुन्हा आहे. पण तुम्ही बोलल्याशिवाय मला त्याच्या गोदामाची झडती घेता येणार नाही. ऐकीव गोष्टीवर कुणाचं कुलूप काढता येत नाही. मंगळवारी कचेरीत या, जबाब द्या. एक बाटली अशीच धुऊन, खूण करून आणा. आणि शक्यतो दोघं या."

रविवारी व्यापारी आला. कसं कळलं कोण जाणे. गोड बोलला. मला ओट्याच्या कडेला घेऊन म्हणाला, "काका, काकीला समजवा. म्हातारपणी पोलीस, कोर्ट, कशाला? लेबल तुम्ही वाचवलं, बूच तुम्ही जपलं. पहिलं बोट कुणाकडं जाणार?" मला भीती वाटली ती तिथं. जेलाची न्हाई. बूच जपायला सांगितलं होतं ते मला एकट्याला सांगितलं होतं. ते कचेरीत निघालं असतं आणि तिच्यापुढं निघालं असतं. म्हणून सोमवारी मी म्हणालो येणार न्हाई. तिला वाटलं मी तिच्या नावाला जपतोय. मी माझ्या नावाला जपत होतो, तिच्यापुढच्या.

आणि मंग दुपार झाली आणि ती गेली.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नेलं. अग्नी मी दिला. मनगट मला दिसत होतं, हिरव्या बांगड्यांच्या वर. तिथंच बघत राहिलो.

माणसं पांगायला लागली तेव्हा व्यापारी माझ्याजवळ आला. तोबी आल्ता, हार घेऊन. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "वाईट झालं, काका. पण एक बघा, तो विषय आता काकीबरोबर गेला. खूण करणारी गेली. आता ती खूण कुणाची, हे सांगणारं कोण हाय? तुम्ही शांत राहा. घरी काही लागलं तर मी हाय."

मी त्याचा हात खांद्यावरून काढला. चिता अजून धडधडत होती, तिथं भांडण करायची जागा नव्हती. पण घरी येताना बघितलं, त्याचा टेम्पो फाट्यावरून एमआयडीसीकडं निघाला होता, रिकामा. रिकामा टेम्पो दिवस बुडताना गोदामाकडं कशाला जातो? तेव्हाच मी ठरवलं. त्याला वाटलं सांगणारं कुणी न्हाई. होतं एक.

पुढं काय काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण लोक मला तेच विचारतात. झडतीत गोदामात भरलेल्या बाटल्या सापडल्या, व्यापाऱ्याला धरलं. कारखान्याचं सील निघालं, पण यंदाची तोड गेली. मेव्हण्याच्या वेलावर द्राक्षं वाळली, पाखरांनी खाल्ली. आता कारखान्याच्या बुचावर चिठ्ठी असते, मोबाईल धरला की खरी का खोटी कळतं म्हणतात. हॉटेलवाल्यांना रिकामी बाटली फोडून, लेबल फाडूनच भंगारात द्यावी लागते. मेव्हण्याच्या क्रेटला चिठ्ठी, टेम्पोला चिठ्ठी, दाणा चावणारा माणूस आता यंत्राच्या काचेवर रस टाकून आकडा लिहून घेतो. मेव्हणा चिडतो. म्हणतो, दाजी, चोरी त्यानं केली आणि कुलूप आमच्या दाराला. बराबर आहे त्याचं. पण मी त्याला म्हणतो, कुलूप राहू दे. मी भला माणूस दिसत होतो, लेबलासारखा. आत काय आहे ते बघायला कुणीतरी पाहिजे होतं.

तर ती मंगळवारची सकाळ.

मी उठलो, आंघोळ केली. म्हशीला पाणी दाखवलं. कणगीजवळ दिवा जळत होता, त्यात तेल घातलं. बाटली धोतराच्या जुन्या पानात गुंडाळली, कानशीचा तुकडा खिशात घातला. माझी लेक आदल्या दिवशीच आल्ती, ती दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, कुठं चालले?"

"जालन्याला. कचेरीत."

"सुतकात? अग्नी दिलेल्या माणसानं वेस ओलांडायची न्हाई. राख सावडायची राह्यली अजून. लोक काय म्हणतील?"

"तुझ्या आईनं आज जायचं ठरवलं होतं. तिला येता येत न्हाई. लोकांना म्हण, म्हातारा येडा झाला."

"उद्या जा. परवा जा."

"उद्या ते गोदाम झाडून पुसून लख्ख असंल. हट."

ती हटली न्हाई. रडली. मंग आतून भाकर आणून माझ्या पिशवीत घातली, आणि म्हणाली, "मंग मीबी येते."

"तू दिव्याजवळ बस. दिवा जायला न्हाई पाहिजे."

पहिल्या एसटीनं गेलो. कचेरी उघडायच्या आधी पायरीवर बसलो. मॅडम आल्या, मला बघितलं, मागं बघितलं. "आजी कुठं आहेत?"

"काल गेल्या."

त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "बाबा, तुम्ही घरी जा. आपण नंतर बघू."

"नंतर न्हाई. टेम्पो काल सांजच्यालाच गोदामाकडं गेलाय. आता लिहा."

त्यांनी आत नेलं, मोठ्या साहेबांपुढं बसवलं, एक कारकून लिहायला बसला. मी बाटली सोडली. त्यांनी लग्नातल्या, हॉटेलातल्या बाटल्या कपाटातून काढून ओळीनं मांडल्या, बुडं माझ्याकडं करून. मी एकेकीवर बोट ठेवत गेलो. साहेब म्हणाले, "टिंबं आणि रेघ काय, कुणीही काढेल."

"काढा की," मी म्हणालो आणि खिशातली कानस त्यांच्यापुढं ठेवली. "सगळे सरळ काढतील. हिचं तिसरं टिंब खाली हाय. सगळ्या बाटल्यांवर खाली हाय. कालच्या बाटलीवरबी. लहानपणी हात ओढला होता तिनं. असं लिहा."

त्यांनी बाटल्या उचलून बघितल्या, एकेक करून, मॅडमनीबी बघितल्या. कारकुनानं लिहिलं. पुढचं त्यांनी विचारलं नव्हतं, मी आपणहून सांगितलं.

"अजून एक लिहा. तिला ठाऊक नव्हतं. मला शंका होती. बूच जपायला सांगितलं तेव्हापासून होती. मी गप बसलो, आणि तिनं विचारलं तर न्हाई म्हणालो. माझं नाव लिहा. तिचं नाव फक्त खुणेपुरतं लिहा."

साहेब म्हणाले, "बाबा, याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"कळतो. लिहा."

कारकुनानं वाचून दाखवलं. एका जागी त्यानं 'आम्हांस कल्पना नव्हती' असं लिहिलं होतं, चांगल्या मनानं. मी ते खोडायला लावलं. मंग त्यानं शाईचा डबा पुढं केला, अंगठ्यासाठी. मी डबा बाजूला सारला, पेन मागितलं, आणि खाली माझ्या हातानं माझं पूर्ण नाव लिहिलं.